मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत क्रम कसा ठरतो आणि तो कसा जपावा : नाशिक परिसरातील रुग्ण व कुटुंबीयांसाठी मार्गदर्शन

डायलिसिस केंद्राच्या बाहेरच्या बाकड्यावर सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच असतो : "आमचा नंबर कितवा?" माझ्या थोरल्या भावासोबत मी चार वर्षे, मंगळवार, गुरुवार आणि शनिवार, नाशिकच्या मुंबई नाका भागातील एका केंद्रात जात होतो, आणि पहिली दोन वर्षे मीही रुग्णालयात प्रत्यारोपणाचे काम पाहणाऱ्या समन्वयक ताईंना हाच प्रश्न विचारत होतो. या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, हे समजायला मला फार वेळ लागला. प्रतीक्षायादी ही रेशनच्या दुकानासमोरची रांग नाही. एखादा दाता उपलब्ध झाला की त्या दात्याचा रक्तगट, त्याचे अवयव कोणत्या रुग्णालयात मिळत आहेत आणि त्या दिवशी कोणते रुग्ण शस्त्रक्रियेस तयार आहेत, या सर्वांवरून यादी नव्याने मांडली जाते. त्यामुळे सोमवारी चौथ्या क्रमांकावर असलेला रुग्ण गुरुवारच्या दात्यासाठी पहिला असू शकतो, किंवा यादीत दिसणारच नाही. या मांडणीतला बराचसा भाग आपल्या हाती नसतो. पण जो भाग आपल्या हाती असतो, तो बहुतेक कुटुंबे माहितीअभावी सोडून देतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

यंत्रणा कोणाची आहे

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ चा आहे. त्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली आणि सध्याचे नियम २०१४ चे आहेत. देशपातळीवर दिल्लीची नोट्टो ही संस्था धोरण ठरवते, पश्चिम विभागाचे व राज्याचे केंद्र मुंबईत केईएम रुग्णालयात आहे, आणि प्रत्यक्ष वाटपाचे काम मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे करतात. रुग्णालयांत या केंद्राला सगळे झेडटीसीसी म्हणूनच ओळखतात. नाशिकची रुग्णालये पुणे केंद्राशी जोडलेली आहेत, म्हणून आपल्याकडे एखादा रुग्ण मेंदूमृत घोषित होऊन कुटुंबाने अवयवदानास संमती दिली की पहिला निरोप पुण्याला जातो. मेंदूमृत घोषित करण्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या करते. ही माहिती येथे देण्याचे कारण व्यावहारिक आहे : तपासण्या, संमती आणि यादी या क्रमात बराचसा दिवस जातो, आणि म्हणूनच रुग्णांना येणारे फोन बहुधा रात्री-अपरात्री येतात.

नोंदणी करताना

मृत दात्याच्या मूत्रपिंडासाठी नाव नोंदवायचे तर रुग्ण किमान तीन महिने नियमित डायलिसिसवर असावा, असे नोट्टोच्या निकषांत म्हटले आहे. नोंदणी थेट झेडटीसीसीकडे होत नाही. प्रत्यारोपणाची परवानगी असलेल्या रुग्णालयामार्फत ती होते, आणि एका वेळी एकाच रुग्णालयात करता येते. २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन अडसर दूर केले : त्या राज्याचा रहिवासी असल्याची अट, पासष्ट वर्षांची वयोमर्यादा आणि नोंदणीसाठीचे शुल्क. म्हणजे सुरगाण्याच्या किंवा पेठच्या रुग्णाला गुजरातमधील रुग्णालयातही नाव नोंदवता येते, आणि सत्तरीतल्या माणसाला केवळ वयामुळे परत पाठवता येत नाही. मात्र वयस्कर रुग्णाची शस्त्रक्रियेची क्षमता डॉक्टर तपासतातच, आणि ते योग्यच आहे.

रुग्णालय निवडताना लोक प्रसिद्धी पाहतात. मी आधी अंतर पाहण्यास सांगेन. नाशिकहून सिन्नर, संगमनेर, नारायणगाव असा पुण्याचा रस्ता सुमारे दोनशे दहा किलोमीटरचा आहे आणि रात्रीही त्याला चार-पाच तास लागतात. मुंबई कसारा घाटाने जवळ आहे, पण शहरात शिरल्यावर वेळेचा भरवसा उरत नाही. मूत्रपिंड शरीराबाहेर थंड ठेवून साधारण चोवीस तास टिकते, म्हणून मूत्रपिंडाच्या रुग्णाला हा प्रवास अशक्य नाही, पण डायलिसिस नुकते झालेले नसेल तर तो कठीण जातो. नाशिकमध्ये मूत्रपिंड प्रत्यारोपणाची परवानगी असलेली रुग्णालये आहेत, हे लक्षात घेऊनच निर्णय करावा.

निवडीच्या वेळी आणखी एक गोष्ट स्पष्ट विचारावी. दाता ज्या प्रत्यारोपण रुग्णालयात असतो, त्या रुग्णालयाच्या स्वतःच्या यादीला साधारणपणे एक मूत्रपिंड मिळते आणि दुसरे विभागाच्या सामायिक यादीत जाते. दाता प्रत्यारोपण न होणाऱ्या रुग्णालयात असेल तर दोन्ही सामायिक यादीत जातात. म्हणजे आपले नाव एकाच वेळी दोन मांडण्यांत असते. "माझ्या रक्तगटात या रुग्णालयाच्या यादीत माझ्या पुढे किती जण आहेत, आणि विभागाच्या यादीत किती?" असे दोन वेगळे प्रश्न समन्वयकांना विचारावेत. "नंबर कितवा" या प्रश्नापेक्षा यातून खूप अधिक कळते.

पहिल्या डायलिसिसचा कागद

कागदपत्रांत आधार, रक्तगटाचे दोन वेगवेगळ्या वेळी केलेले अहवाल, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचे अहवाल, हृदयाची टूडी इको, छातीचा एक्स-रे, ऊतींच्या जुळणीची एचएलए तपासणी हे सर्व असते, आणि रुग्णालय त्याची यादी देतेच. पण एक कागद असा आहे की ज्याचे मोल कोणी आधी सांगत नाही. तो म्हणजे डायलिसिस नेमके कधी सुरू झाले याचा लेखी पुरावा.

आमचे काय झाले ते सांगतो. भावाचे पहिले डायलिसिस एका लहान रुग्णालयात, मध्यरात्री, श्वास लागल्यामुळे तातडीने झाले. पाच महिने तेथेच उपचार चालले. पुढे आम्ही केंद्र बदलले आणि नोंदणीच्या वेळी जुन्या रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड सापडेना. तेथील नोंदी तोपर्यंत मिळेनाशा झाल्या होत्या. परिणामी नोंदणीत डायलिसिसची तारीख दुसऱ्या केंद्राची लागली, आणि पाच महिने कागदावरून नाहीसे झाले. यादीतला क्रम ज्या गुणांवरून ठरतो (ते पुढे सांगतो), त्या हिशेबात पाच महिने म्हणजे पाच गुण. स्वतःचे मूत्रपिंड कोणाला दान केलेल्या माणसाला जेवढे जादा गुण मिळतात, तेवढे आम्ही एका कागदापायी गमावले. तो कागद आजच शोधा. त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा.

गुण कसे मोजतात

नोट्टोच्या मूत्रपिंड वाटपाच्या निकषांत गुणांची पद्धत अशी आहे. डायलिसिसच्या प्रत्येक महिन्याला एक गुण मिळतो. आधीचे प्रत्यारोपण तीन महिन्यांच्या आत शरीराने नाकारल्यामुळे निकामी झाले असेल, तर अशा प्रत्येक वेळेसाठी तीन गुण. सहा वर्षांखालील बालकाला तीन, सहा ते बारा वयोगटात दोन आणि बारा ते अठरा वयोगटात एक गुण. हातावरच्या फिश्चुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने धमनी व शीर जोडून केलेल्या मार्गाच्या, सर्व जागा निकामी झाल्या असतील तर दोन, आणि त्यानंतर बसवलेली कृत्रिम नळीही बंद पडली असेल तर चार. रक्तातील प्रतिपिंडांचे प्रमाण दाखवणारी पीआरए तपासणी वीस टक्क्यांच्या वर असेल, तर वरच्या प्रत्येक दहा टक्क्यांना अर्धा गुण. पूर्वी स्वतः मूत्रपिंड दान केले असून आता स्वतःला गरज असेल तर पाच, आणि मृत दात्याच्या जवळच्या नातेवाइकाला पाच. याशिवाय ऑगस्ट २०२५ मध्ये स्त्री रुग्णांना व मृत दात्यांच्या नातेवाइकांना प्राधान्य देण्याची सूचना नोट्टोने राज्यांना केली. स्त्रिया दान करण्यात पुढे आणि अवयव मिळण्यात मागे असतात, हे डायलिसिस केंद्रात बसणाऱ्या कोणालाही डोळ्यांनी दिसते, आणि ही सूचना मला मनापासून पटते. राज्य आणि विभाग या निकषांत आपापले बदल करतात, म्हणून आपला गुणतक्ता समन्वयकांकडून समजावून घ्यावा.

हिशेब करून पाहू. दिंडोरीचा एक बेचाळीस वर्षांचा शेतकरी पन्नास महिने डायलिसिसवर आहे, फिश्चुला नीट चालतो आणि पीआरए दहा टक्के आहे : त्याचे पन्नास गुण. एक सोळा वर्षांची मुलगी छत्तीस महिने डायलिसिसवर आहे, तिच्या फिश्चुलाच्या सर्व जागा संपल्या आहेत आणि पीआरए साठ टक्के आहे. तिचे छत्तीस, अधिक वयाचा एक, अधिक फिश्चुलाचे दोन, अधिक पीआरएचे दोन, असे एकूण एकेचाळीस. तिसरा गृहस्थ पूर्वी भावाला मूत्रपिंड दिलेला, आता स्वतः वीस महिने डायलिसिसवर : वीस अधिक पाच, म्हणजे पंचवीस. डायलिसिसच्या महिन्यांचा भार किती मोठा आहे, ते यावरून दिसते. बाकीचे गुण जवळजवळ सारख्या काळ थांबलेल्या रुग्णांमध्ये मागेपुढे करतात. जादा गुणांच्या आशेने एखाद्या अहवालाबाबत आग्रह धरणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. त्या श्रमाचा उपयोग तारखेचा पुरावा सांभाळण्यात अधिक झाला असता.

गुणांच्याही आधी रक्तगट येतो. ओ गटाच्या दात्याचे मूत्रपिंड तत्त्वतः सर्वांना चालते, पण ते आधी ओ गटाच्या रुग्णालाच देतात, कारण त्याला दुसऱ्या गटाचे चालत नाही. विभागात योग्य रुग्ण नसेल तर अवयव राज्यात, मग शेजारच्या राज्यांत, मग देशात जातो. ज्याच्या शरीरात डायलिसिसची नळी घालायला एकही जागा उरलेली नाही, अशा रुग्णाला तातडीचे प्राधान्य द्यायचे की नाही, हे तज्ज्ञांची समिती ठरवते. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच अर्ज करावा लागतो.

रक्त चढवण्याविषयी

रुग्णाला रक्त चढवले की त्याच्या शरीरात परक्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात. गर्भधारणेमुळे आणि आधीच्या प्रत्यारोपणामुळेही तसे होते. पीआरए वाढला की अर्धा-एक गुण मिळतो खरा, पण जुळणारे दाते इतके कमी होतात की तो गुण कामाला येत नाही. शेवटी क्रॉसमॅच नावाच्या तपासणीत दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्तद्रव समोरासमोर आणतात, आणि तेथे प्रतिक्रिया आली तर पहिल्या क्रमांकाचा रुग्णही घरी जातो. म्हणून हिमोग्लोबिन घसरले की "लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या (रक्त वाढवणाऱ्या) इंजेक्शनांनी भागेल का?" असे डॉक्टरांना विचारावे. जीव धोक्यात असेल तर रक्त नाकारू नये. तेव्हा पांढऱ्या पेशी गाळून दिलेले रक्त मिळेल का ते विचारावे. आणि रक्त कोठेही, कितीही चढवले असले तरी प्रत्यारोपण समन्वयकांना त्याच आठवड्यात कळवावे, कारण प्रयोगशाळेत ठेवलेला रुग्णाच्या रक्ताचा जुना नमुना त्यानंतर विश्वासार्ह राहत नाही. गावाकडे ताप आला, तेथल्या दवाखान्यात दोन पिशव्या रक्त चढवले आणि कोणाला सांगितलेच नाही, असे अनेकदा घडते.

यादीतील रुग्णावर देखरेख

नाव यादीत असणे आणि नाव सक्रिय असणे यांत फरक आहे. क्षयरोगाचा उपचार चालू असेल, जखम भरत नसेल, हृदयाची नवी तक्रार असेल किंवा ठरलेल्या तपासण्यांची मुदत उलटली असेल, तर रुग्णालय नाव तात्पुरते निष्क्रिय करते. नाव यादीतून जात नाही, पण दाता आला तरी फोन येत नाही. कुटुंबाला हे बहुतेक वेळा कळलेलेच नसते. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात समन्वयकांना एकच वाक्य विचारावे : "आज नाव सक्रिय आहे का, आणि नसेल तर कोणता अहवाल हवा आहे?"

आम्ही एक शंभर पानी वही केली होती. डावीकडे तारीख, डायलिसिसपूर्वीचे वजन आणि नंतरचे वजन. उजवीकडे रक्तदाब आणि शेरा. त्या वहीची पाने हाताच्या घामाने मऊ पडली होती, पण प्रत्येक तपासणीत डॉक्टर आधी तीच मागत. दोन डायलिसिसच्या मध्ये वजन दोन-अडीच किलोंपेक्षा अधिक वाढत असेल तर हृदयावर ताण येतो, आणि इकोमध्ये हृदय अशक्त दिसले की शस्त्रक्रियेची परवानगी अडते. उन्हाळ्यात पाणी मोजून पिणे फार अवघड जाते. द्राक्षांच्या हंगामात तर घरात पाट्या येऊन पडलेल्या असतात आणि रुग्णाला चार मणीही विचारून खावे लागतात, कारण प्रश्न पाण्याचा आणि पोटॅशियमचा असतो. घरच्यांनीही त्याच्यासमोर बसून खाऊ नये, एवढे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो.

फिश्चुला रोज सकाळी तपासावा. मनगटाजवळ किंवा कोपरापाशी दुसऱ्या हाताची बोटे हलकेच ठेवली की आत मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर जाणवते. ती थरथर बंद झाली किंवा एकदम मंद झाली तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता केंद्राला फोन करावा, कारण काही तासांत उपाय झाला तर फिश्चुला वाचू शकतो. त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, सुई टोचू देऊ नये, घड्याळ किंवा घट्ट बांगडी घालू नये आणि त्या कुशीवर झोपू नये.

हिपॅटायटिस बीची लस डायलिसिसच्या रुग्णाला दुप्पट मात्रेने, शून्य, एक, दोन आणि सहा महिने अशा चार वेळा देतात, आणि नंतर प्रतिपिंडांची पातळी दहाच्या वर आली का ते पाहतात. दातांची तपासणी लोक टाळतात, पण किडलेल्या दाताचा संसर्ग प्रत्यारोपणानंतरच्या औषधांखाली भडकतो, म्हणून तेही करून घ्यावे.

पैशांचा बंदोबस्तही या प्रतीक्षेच्या काळातच करावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३ मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाख रुपये करण्यात आली. आपले रुग्णालय योजनेत आहे का, आणि शस्त्रक्रियेनंतर आयुष्यभर लागणाऱ्या औषधांचे काय, हे आरोग्यमित्रांकडून आधीच समजून घ्यावे.

यकृत आणि हृदयाच्या रुग्णांसाठी

यकृताला डायलिसिससारखा पर्याय नाही, म्हणून तेथे आजाराची तीव्रता पुढे येते. बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठण्याचे मोजमाप) आणि क्रिएटिनिन, आणि सुधारित पद्धतीत सोडियमही, या रक्ततपासण्यांवरून सहा ते चाळीस असा मेल्ड गुणांक काढतात. जितका अधिक, तितका धोका जवळ. हा गुणांक आठवड्यात बदलू शकतो, म्हणून जुना अहवाल असलेला रुग्ण आहे त्यापेक्षा बरा दिसतो आणि मागे राहतो. पोटात पाणी वाढले, भ्रम झाला, कावीळ गडद झाली, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासणी करून रुग्णालयाला कळवावे. अचानक यकृत निकामी झालेल्या रुग्णाला सर्वांत वरचे प्राधान्य मिळते. हृदयाच्या बाबतीत यंत्राच्या आधारावर अतिदक्षता विभागात असलेला रुग्ण आधी येतो, आणि दात्याची शरीरयष्टीही जुळावी लागते. हृदय बाहेर साधारण चार ते सहा तासच टिकते, त्यामुळे तेथे अंतर हाच मोठा निकष ठरतो.

फोन आल्यावर

एका दात्यासाठी एकाहून अधिक रुग्णांना बोलावतात, कारण क्रॉसमॅचचा निकाल यायला काही तास लागतात आणि पहिला रुग्ण ऐन वेळी अपात्र ठरू शकतो. मागच्या रुग्णाला राखीव म्हणून बोलावले जाते. हे फोनवरच विचारून घ्यावे आणि रुग्णालाही सांगावे. आमचा पहिला फोन पहाटे सव्वादोनला आला. ताईंनी आधी विचारले, "दादांनी रात्री किती वाजता खाल्लं? ताप, खोकला काही आहे का? शेवटचं डायलिसिस कधी झालं?" आणि मग म्हणाल्या, "तुम्ही दुसऱ्या नंबरवर आहात, पण निघा." मी हे भावाला सांगितले नाही. तो साडेनऊपर्यंत उपाशी, हाताला सलाईनची सुई लावून बसला, आणि मूत्रपिंड पहिल्या रुग्णाला जुळले. परतीच्या वाटेवर द्वारका चौकात सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्याने एवढेच विचारले, "तुला माहीत होतं का?"

फोनपूर्वीच एक निर्णय करून ठेवावा. दाता साठीच्या पुढचा असेल, किंवा पन्नाशीच्या पुढचा आणि रक्तदाबाचा असून मेंदूतील रक्तस्रावाने गेलेला असेल, तर त्याचे मूत्रपिंड कमी वर्षे टिकण्याची शक्यता असते, पण प्रतीक्षा लवकर संपते. साठीतल्या रुग्णाला हे बहुधा फायद्याचे ठरते, विशीतल्या मुलाच्या बाबतीत डॉक्टरांशी सावकाश बोलावे. हे पहाटे सव्वादोनला ठरवता येत नाही.

पिशवीत ताज्या अहवालांची फाइल, चालू औषधांची चिठ्ठी, आधार आणि योजनेचे कार्ड, दोन कपडे आणि चार्जर एवढे पुरे. गाडी आणि चालक कोण, हे दोन नावांसह लिहून ठेवावे. फोन आल्यापासून काही खाऊ-पिऊ नये. नियमित औषधांपैकी कोणती घ्यायची ते फोनवरच विचारावे, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आठवणीने सांगावी. समन्वयकांकडे किमान तीन फोन क्रमांक असावेत, आणि त्यांतला एक रात्री फोन बंद न करणाऱ्या माणसाचा असावा. सिम बदलले की त्याच दिवशी कळवावे.

रिकाम्या हाताने परत आल्यास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डायलिसिस करून घ्यावे, कारण धावपळीत ठरलेला वार हमखास चुकतो. राखीव म्हणून बोलावल्याने क्रम खाली जात नाही. क्रॉसमॅच आपल्या प्रतिपिंडांमुळे फसला असेल तर तो अहवाल मागून घ्यावा आणि मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावा, कारण पुढच्या दात्याच्या वेळी कोणती जुळणी टाळायची हे त्यावरून ठरते. घरातल्या कोणाचे मूत्रपिंड जुळून प्रत्यारोपण झाले, किंवा रुग्ण दगावला, तर नाव काढून टाकण्याचा अर्ज कुटुंबानेच द्यावा. तो दिला नाही तर एखाद्या रात्री फोन आपल्या घरी वाजत राहतो, आणि तेवढा वेळ यादीतल्या पुढच्या माणसाचा वाया जातो.